लोहा सोडला, येऊन राहिलो

लोहा हे गाव आहे, हे आधी सांगून टाकते. तालुक्याचं गाव. लातूरहून नांदेडला निघालं की अहमदपूर लागतं, मग माळाकोळी, मग लोहा, आणि पुढं नांदेड. बसस्टँड आहे, बाजार आहे, मिरच्यांची भजी बरी मिळतात. लोखंडाशी आमच्या गाण्यातल्या लोह्याचा काडीचा संबंध नाही. ज्या शहाण्यानं तो जोडला त्यानं एक फोन केला असता, निदान मोबाइलवर नकाशा उघडून बघितला असता, तर माझ्या बापाचं बोलणं आज जागेवर असतं. पण समीक्षकानं कुणाला काही विचारायचं म्हणजे त्याचा कमीपणा होतो म्हणे. राहू द्या. मी सुरुवातीपासून सांगते.

माझा बाप टेम्पो चालवतो. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, आणि आता मोंढ्यातही, म्हणजे धान्याच्या बाजारातही, सगळे अप्पाच म्हणतात. लातूरच्या मोंढ्यातून डाळीचे कट्टे भरायचे आणि चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असे दुकानादुकानांत टाकत जायचं, हे त्यांचं काम. प्रत्येक दुकानदाराला वाटतं आपला माल आधी यावा. म्हणून दिवसभर फोन. “अप्पा, कुठवर आलात?” आणि अप्पांचं उत्तर ठरलेलं, “येऊन राहिलो, शेटजी!”

येऊन राहिलो म्हणजे येतोय. बस्स. अप्पा हदगावकडचे, तिकडं असंच बोलतात. जेवून राहिलो म्हणजे जेवतोय, निघून राहिलो म्हणजे निघतोय. माझी आई निलंग्याकडची. तिच्याकडं ‘यायलाव’, ‘करायलाव’ चालतं, त्यामुळं लग्न झाल्यापासून ती अप्पांच्या बोलण्याची टिंगल करत आली. “येऊन राहिलो म्हणं! येतोय का राहतोय, एक काय ते ठरवा की.” आईनं ही मस्करी तीस वर्षं केली. पुढं तीच मस्करी पुण्यातल्या लोकांनी तोंड गंभीर करून छापली, तेव्हा आईला हसू आलं नाही.

अप्पांचं ‘येऊन राहिलो’ म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. दाढीचा साबण तोंडाला तसाच असला तरी येऊन राहिलो. गाडीत माल भरायचा बाकी असला तरी येऊन राहिलो. त्यात आणखी एक गंमत. फोन आला की गाडी बाजूला घेऊन, बंद करून मगच बोलायचं, हा त्यांचा नेम. चालत्या गाडीत फोन उचलणाऱ्यांना ते शिव्या घालायचे. म्हणजे अप्पा ‘येऊन राहिलो’ म्हणत असताना गाडी हमखास थांबलेली असायची. शेटजी लोकांनाही हे ठाऊक होतं. ते ऐकायचे, हसायचे, “अप्पा, कोणतं येऊन राहिलो? निघायचं का पोचायचं?” असं विचारायचे. अप्पाही हसायचे. त्या लबाडीवर त्यांचा सगळा धंदा गोडीगुलाबीत चालला होता. आईनं तर आवाजावरून हिशोब बसवला होता. पहिल्या ‘येऊन राहिलो’ला ती जागची हलायची नाही. शब्द जरा घाईत आला, मागं हॉर्न वाजले, की मग चहाचं आधण ठेवायची. चहा उकळायला आणि अप्पा दारात यायला एक गाठ पडायची. मी हे लहानपणापासून बघितलंय.

दिवसा मी लातूरला एका क्लासमध्ये पोरांना रसायनशास्त्र शिकवते, आणि उरलेल्या वेळात आमचा बँड. होता, म्हणायला पाहिजे. चौघं होतो. मी कीबोर्डवर आणि शब्द माझे. गायक नांदेडचा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गाऊन गाऊन गळा तयार झालेला, दिसायला चिकना, आणि ते त्याला माहीत असलेला. एक गिटारवाला आणि एक ऑक्टोपॅडवाला, ते दोघं कशालाच नाही म्हणायचे नाहीत. नांदेडला कार्यक्रम असला की अप्पा रिकामा टेम्पो घेऊन यायचे, आमचे स्पीकर भरायचे, वर ताडपत्री बांधायचे. “डाळीपेक्षा हे बरंय. उंदीर लागत न्हाईत,” म्हणायचे.

गाणं टेम्पोतच सुचलं. अहमदपूरच्या अलीकडं गाडी बाजूला घेऊन अप्पांनी लोह्याच्या शेटजींना सांगितलं, “लोहा सोडला की हो मी, येऊन राहिलो!” लोहा सोडला! स्पीकरच्या मागं त्यांचेच चार कट्टे होते, माल लोह्यालाच द्यायचा होता. मी हसून हसून मेले. “अवो अप्पा, लोह्याच्या माणसाला लोहा सोडला म्हणून सांगता?” तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, आणि जीभ चावून ते असे काही हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग पलीकडचे शेटजीही फोनवर हसू लागले. नांदेड येईस्तोवर माझा मुखडा तयार होता:

चहा टाक गं, येऊन राहिलो,
लोहा सोडला, येऊन राहिलो,
टॉवेल सापडंना, येऊन राहिलो!

पहिल्या दोन ओळींत थापा, तिसऱ्या ओळीत चोर पकडला. टॉवेल सापडत नाही म्हणजे गडी अजून न्हाणीत आहे. शेंबड्या पोराला कळेल असा विनोद आहे. आमच्याकडच्या पोरांना कळलाही.

नांदेडला एका दुकानावरच्या खोलीत स्टुडिओ आहे, तिथं रेकॉर्डिंग केलं. सुरुवातीला फोनची रिंग, आणि मग खुद्द अप्पांचा आवाज, “हॅलो! हाव, हाव, येऊन राहिलो!” त्याच्यामागून ऑक्टोपॅड धडाधड सुटतं. अप्पा माइकसमोर उभे राहिले तेव्हा त्यांच्या तोंडात भजं होतं. ते गिळून मग बोलले, म्हणून तो ‘हॅलो’ जरा जड आलाय. आम्ही तसाच ठेवला. ऐकून सगळे लोळत होते.

गाणं सोडलं आणि आठवड्याभरात मोंढ्यात ज्याच्या त्याच्या फोनची ती रिंग झाली. हमाल एकमेकांना “टॉवेल सापडला का रे?” विचारू लागले. माझ्या क्लासमधला पोरगा उशिरा आला की सगळा वर्ग एका सुरात “येऊन राहिलो” म्हणायचा. आणि अप्पा! अप्पांनी टेम्पोत ते गाणं इतक्या वेळा वाजवलं की गिटारवाला म्हणाला, आपल्याला ऐकणाऱ्यांत निम्मे तुझे अप्पाच असतील. दुकानात कट्टा उतरवला की ते म्हणायचे, “आवाज आपला हाय. अन् शब्द पोरीचे.” कुणी म्हणालं की अप्पा, ही तर तुमची टिंगल केली पोरीनं, तर म्हणायचे, “घरच्यानं करावी म्हणून तर पोरं वाढवायची.” इतकं खुश मी माझ्या बापाला माझ्या निकालाच्या दिवशीसुद्धा बघितलं नव्हतं. गाणं चाललं नसतं तरी मला तेवढ्यात पुरलं असतं, खोटं नाही सांगत.

मग परीक्षण आलं.

पुण्यातले एक मोठे समीक्षक. संगीतावर लिहितात, भाषेवर लिहितात, भाषणं करतात. त्यांनी आमच्या गाण्यावर एवढा मोठा लेख लिहिला. गायकानं तो ग्रुपवर टाकला आणि खाली एकामागून एक फुलं आणि हात जोडलेले. मी क्लासच्या जिन्यात बसून वाचला. आधी मला वाटलं, कुणीतरी गंमत केली.

लेखात म्हटलं होतं की हे मराठवाड्यातल्या विस्थापितांचं शोकगीत आहे. ‘येऊन राहिलो’, म्हणजे आलो आणि राहिलो, परतीची वाट बंद झालेला माणूस. ‘लोहा सोडला’, म्हणजे नांगराचा फाळ सोडला, विळा सोडला, लोखंडाशी जडलेलं नातं तोडून शहरात आला. आणि टॉवेल! टॉवेल म्हणजे उघड्यावर पडलेल्या देहाची लाज, जी झाकायला आता वस्त्रही उरलेलं नाही. सुरुवातीचा आवाज एका अनामिक श्रमिकाचा आहे, म्हणे, आणि त्या जड ‘हॅलो’मध्ये पिढ्यान्‌पिढ्यांचा थकवा आहे. शेवटी मातीचा गंध. तो तर पाहिजेच. आमचं गाणं दुकानाच्या माडीवर रेकॉर्ड झालं, खाली मोबाइलचे कव्हर विकतात, पण गंध मातीचाच.

भज्याचा थकवा! मी गायकाला फोन लावला. “वाचलंस का? त्यांना कळव की बाबा, असं न्हाई ते.”

“येडी हायस का?” गायक म्हणाला. “एवढा मोठा माणूस लिहून राहिला आपल्यावर, अन् तू म्हणतीस चुकलात?”

“अरे पण चुकलेतच ना! लोहा गाव हाय.”

“मला म्हायत न्हाई का? पण त्यांनी काढला अर्थ. निघून राहिला तर निघू दे की. तुझं काय जाऊन राहिलं?”

माझं काय जात होतं ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. संध्याकाळी अप्पा म्हणाले, वाच बरं काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं. टॉवेलपाशी आई तोंडाला पदर लावून हसली. अप्पा मात्र नीट बसून, हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “ह्यात मी कुठं हाव?”

“तुम्ही अनामिक श्रमिक, अप्पा.”

“म्हंजे?”

“म्हणजे नाव माहीत नसलेला, कष्ट करणारा.”

“मग इचारायचं की नाव,” अप्पा म्हणाले, आणि जेवायला उठले.

एकानं म्हटलं की बाकीचे मागं येतातच, बैलामागं बैल. कुणी लिहिलं, हे गाणं ऐकून रात्रभर अस्वस्थ होतो. कुणी लिहिलं, या पोरांच्या वेदनेला आता चाल मिळाली. आमच्या वेदना! ऑक्टोपॅडवाल्याची एकच वेदना होती, त्याचा एक पॅड वाजत नव्हता. पण पुण्याहून बोलावणं आलं, निवडक लोकांसमोर गायचं आणि मग त्या समीक्षकांशी गप्पा. गायक हवेत. म्हणाला, गाणं तिथं असं धडाधड वाजवायचं नाही. संथ करू. ऑक्टोपॅड काढू, मागं नुसता एक सूर धरू. अप्पांचा आवाज ठेवू, पण जरा ओढून, घुमवून.

मी भांडले. लई भांडले. म्हटलं, विनोद कधी कुणी रडत सांगतं का? तो म्हणाला, “आपण नांदेड-लातूरचे. आपण हसलो तर आपल्याला कोण बोलावतंय? रडलो तर बोलावतात.” हे त्याचं म्हणणं खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही, म्हणून तर जास्त चीड येते. चौघांतले दोघं नेहमीसारखे हो म्हणाले आणि माझ्या एकटीच्या नाहीला कोण विचारतो.

अप्पांना आम्ही म्हटलं, तुम्ही कशाला एवढ्या लांब, बसनं जातो. ऐकायला तयार नाहीत. पांढरा शर्ट कडक इस्त्री करून आणला, टेम्पो धुतला, स्पीकर भरले. मोंढ्यात सगळ्यांना सांगून टाकलं होतं की पुण्याच्या लोकांनी आपलं गाणं ऐकायला बोलावलंय. एका शेटजींनी गाडीपुढं फोडायला नारळ दिला. जाताना वाटेत दोनदा गाडी बाजूला घेऊन आईला सांगितलं, “पुणं आलंच. येऊन राहिलो.” आई म्हणाली, “अवो, तुम्ही जाऊन राहिलात!” सगळा टेम्पो हसला, गायकसुद्धा. तो आमच्या बँडचा शेवटचा बरा दिवस म्हणायचा.

हॉल छोटा होता. खादीचे झब्बे, हातमागाच्या साड्या, खुर्च्या गच्च. अप्पा तिसऱ्या रांगेत कडेला बसले, दोन्ही हात मांडीवर. दिवे मंद झाले. फोनची रिंग लांबून कुठून तरी आल्यासारखी वाजली. आणि मग अप्पांचा आवाज आला, ताणलेला, घुमणारा, विहिरीत पडलेल्या माणसाचा वाटावा असा. “येऽऽऊन… राऽऽहिलो…” मला स्टेजवरून दिसलं, अप्पांनी शेजारच्या माणसाला विचारलं, “हे कोण बोलून राहिलं?”

गायकानं डोळे मिटले होते. एकेक शब्द असा टाकत होता जसा कुणाला अग्नी देऊन आलाय. चहा टाक गं, थांबला. लोहा सोडला, थांबला. समोर लोक मान खाली घालून बसलेले, एक बाई डोळे पुसत होत्या. आणि मग टॉवेल सापडंना. तिथं अप्पा हसले. खो खो हसले. घरच्यासारखे, टेम्पोतल्यासारखे. तो त्यांचा विनोद होता, हसायची जागा आली होती, ते हसले.

पुढच्या दोन्ही रांगा मागं वळल्या. “शूऽऽ!” एक झब्बेवाला म्हणाला, “अहो, निदान संवेदना तरी ठेवा.” अप्पांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. काय चुकलं ते त्यांना कळेना. मग त्यांनी हळूच रुमाल काढून तोंड पुसलं. आणि मी तिकडं त्याच संथ गाण्याचे सूर दाबत बसले होते.

गप्पांमध्ये समीक्षकांनी मला विचारलं, ही वेदना तुम्हाला कुठं भेटली? मी म्हटलं, वेदना नाही, माझे अप्पा आहेत ते. हे काय, समोर बसलेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत कीव इतकी होती की मला माइक फेकून मारावासा वाटला. माइक अप्पांच्या हातात गेला. समीक्षक अगदी मऊ आवाजात म्हणाले, “काका, गाव कधी सोडलंत?”

“सकाळी,” अप्पा म्हणाले. “चहा घेऊन निघालो.”

हॉल हसला. अप्पाही हसले. त्यांना वाटलं, आता कळलं यांना, आता लागली गाडी रस्त्याला.

“नाही काका, मी म्हणतोय, तुम्ही येऊन राहिलात ना…”

“हाव, आलो की. टेम्पो भायेर लावलाय. कुणाच्या गाडीला आडवा होतोय का?”

आता हॉल मोठ्यानं हसला, आणि या वेळी ते कुणावर हसत होते ते अप्पांच्या ध्यानात आलं. कान लाल झाले त्यांचे. मी माझा माइक ओढला आणि सगळं सांगितलं. राहिलो म्हणजे राहिलो नाही, येतोय. लोहा म्हणजे लोखंड नाही, गाव आहे, वाटेतच लागतं. टॉवेल म्हणजे टॉवेल. तुम्ही ज्यांना आत्ता शूऽ केलं, त्या एकट्या माणसाला हे गाणं कळलंय. गायक घाईनं म्हणाला, “म्हणजे तसं बघितलं तर शब्दाला अनेक पदर असतात…” समीक्षक हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत काही गेलं नाही. “फारच रंजक,” म्हणाले. मला वाटलं, जिंकले मी. येताना टेम्पोत मीच एकटी बोलत होते. अप्पा गप्प गाडी चालवत होते. आईचा फोन आला, तो त्यांनी मला घ्यायला सांगितला.

मोठी माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, घरी जाऊन लिहितात. दुसरा लेख आला. त्यात आमच्या गाण्याला ‘अपघातानं घडलेली कविता’ म्हटलं होतं. गीतकर्तीला आपल्याच शब्दांची खोली पेलली नाही. आणि मुळात ‘येऊन राहिलो’ हे ‘येतो आहे’ या अर्थानं वापरणं म्हणजे हिंदीच्या आहारी गेलेली अशुद्ध मराठी, व्याकरणाची साधी चूक. चुकीतून अर्थ निघाला होता, तोही या मंडळींनी घालवला, म्हणे. म्हणजे बघा, त्यांना अर्थ कळला नव्हता तोवर तो शब्द महान होता. कळला, आणि लगेच अशुद्ध झाला. हसावं का रडावं?

मग फोनाफोनांवर तमाशा सुरू झाला. एक म्हणे हे मराठवाड्याचं नाहीच, नागपूरचं चोरलंय. दुसरा म्हणे भाषा बिघडवून राहिले हे लोक, आणि आपण स्वतः ‘राहिले’ लिहिलं हे त्या मूर्खाला दिसलं नाही. ज्यांच्या फोनवर ती रिंग होती त्यांनीही हळूहळू बदलली. माझ्या क्लासमधली पोरंसुद्धा गप्प झाली. नीट बोलता येत नाही असं कुणी म्हटलेलं आमच्या माणसाला फार लागतं. उपाशी आहे म्हणा, चालेल. बोलता येत नाही म्हणालात की तो घरातसुद्धा हळू बोलायला लागतो. गायकानं बँड सोडला. तो आता पुण्यात ते संथ गाणं गातो. पहिला लेख तेवढा लोकांना दाखवतो, दुसरा नाही. अप्पांचा आवाज अजून त्यात आहे.

अप्पांपर्यंत दुसरा लेख जाऊ द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं. पण अहमदपूरच्या शेटजींचा शिकलेला मुलगा दुकानात बसलेला. त्यानं कट्टे उतरवता उतरवता मोठ्यानं वाचून दाखवला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला वाटलं, अप्पांचं नाव छापून आलंय. घरी आल्यावर अप्पांनी पाय धुतले, टॉवेलला हात पुसले, आणि मला विचारलं, “माय, आपलं बोलणं चुकीचं हाय का गं?”

“कोण म्हणतं?” मी ओरडलेच. “मूर्ख आहेत ते! त्यांना काय कळतं? तुम्ही कशाला मनावर घेता?”

“न्हाई, तू शिकलेली. तू खरं सांग. छापलंय म्हणून इचारून राहिलो…” आणि ते मध्येच थांबले. तोंड उघडं, शब्द अर्ध्यावर. मी बघत होते. त्यांनी ओठ मिटले आणि पुन्हा सावकाश, पोरगं पाढे म्हणतं तसं म्हणाले, “म्हणून… विचारतो आहे.”

मी खूप काही बोलले त्या दिवशी. अप्पा मान डोलवत ऐकत होते, जशी ते पोलिसासमोर डोलवतात.

त्यानंतर लोह्याच्या शेटजींचा मलाच फोन आला. “पोरी, अप्पा नाराज हायत का आमच्यावर? काही चुकलं का आमचं?” मी विचारलं, का हो? तर म्हणाले, “फोन केला की सरकारी माणसासारखं बोलून राहिलेत. मस्करी न्हाई, काई न्हाई. मी दुसऱ्याला माल सांगितला का काय, असं वाटलं असंल त्यांला.” मी त्यांना काय सांगणार? म्हटलं, तब्येत बरी नाही.

काल संध्याकाळी उशीर झाला म्हणून मी फोन लावला. “अप्पा, कुठवर आलात?”

गाडी बाजूला घेतल्याचा आवाज आला. इंजिन बंद झालं. आणि मग अप्पा स्टँडवरच्या भोंग्यातल्या बाईसारखे म्हणाले, “मी येत आहे.”

“अप्पा, घरचीच हाय मी. येऊन राहिलो म्हणा की.”

“ते गाण्यात चालतंय, माय,” अप्पा म्हणाले. “बोलण्यात चूक असते.” आणि फोन ठेवला.

आईनं आतून विचारलं, “काय म्हणायलेत? आधण ठेवू का?”

मी फोन हातात धरून उभी. अप्पा कुठं होते, निघाले होते का पोचत आले होते, मला काहीच कळलं नव्हतं.